आठ वर्षांचं फूल

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडच्या रानात फूल म्हटलं की मोह. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली सडा पडतो, टोपल्या भरतात, घरात चार पैसे येतात. दर वर्षी येणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या या फुलावर सरकारची नजर कायम राहिली. दारूबंदीच्या नियमांनी ते बांधून ठेवलं. ती गाठ सैल व्हायला 2021 साल उजाडलं.

दर वर्षी न येणारं फूलही आहे: राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी. जांभळी, घंटेसारखी फुलं. तिच्या प्रजातीला ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1826 मध्ये स्ट्रोबिलँथिस हे नाव दिलं. डोंगरातल्या माणसांनी मात्र तिच्या काठ्यांचे कुड उभारले, ते शेणमातीने लिंपले आणि फुलोऱ्याच्या वर्षी मध काढला. वर्षानुवर्षं ही झुडपं नुसती वाढतात; मग अख्खा डोंगर एकाच पावसाळ्यात फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. सात वर्षांनी की आठ, हा वाद जुना आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008 मध्ये फुलली, नंतर 2016 मध्ये. सात वर्षं थांबून आठव्या वर्षी, म्हणजे भांडणारे दोघेही बरोबर! बी खाणाऱ्यांची पोटं भरूनही उरेल इतकं बी एकदम टाकायचं, असं या थांबण्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. गोंदियाकरांना हे नवल नाही. त्यांचा बांबू याहून कितीतरी लांब थांबतो आणि असाच फुलून मरतो.

कारवी जपण्यातली अडचण फुलाची नाही, खुर्चीची आहे. निवडणूक पाच वर्षांची, बदली त्याहून लवकर. एकाच खुर्चीत बसून कारवीचे दोन फुलोरे पाहणारा अधिकारी विरळाच. वन विभागाची कार्य आयोजना दहा वर्षांची असते, तिच्यात एखादाच फुलोरा हमखास मावतो. सातव्या वर्षी उतार तोडला, तर कागदावर चार झुडपं गेली. प्रत्यक्षात तिथली एक सबंध पिढी बी न टाकताच गेली. लांबचं पाहणारेही होते. केशोरीच्या शेजारी नवेगावबांध आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावाचं पाणी बांधणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनंतरही शेतांना मिळतं आहे. त्यांच्याकडे आयोजनेची फाईल नव्हती.

प्रत्येक कार्य आयोजनेत कारवीच्या उतारांची फुलोऱ्याच्या सालासकट नोंद हवी, आणि बी पडेपर्यंत तिथे कोयता बंद. फुलं पाहायला गर्दी लोटते ती पावसाळ्यात. सुकलेली बोंडं तडतडत फुटतात ती पुढच्या वर्षी, डोंगरावर कोणी नसताना.