अंगठ्याच्या आधी वकील

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.' ही म्हण कुणाची? ज्याच्या ओसरीवर गावचा न्याय होत होता, त्याची. त्याला कोर्टाची गरजच काय होती? शहाणपण त्याचं आणि त्याचा मार खाल्ला आपण. देवळाची पायरी चढू नको, विहिरीची उतरू नको, कोर्टाची चढू नको. आपल्या आज्यापणज्यांचा सगळा जन्म पायरीच्या अलीकडं गेला.

आज चौकाचौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. हातात पुस्तक, अंगात कोट. तो माणूस धंद्यानं वकील होता, हे मात्र आपण पार विसरून गेलोत. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे पोरासोरांना पाठ आहे. पुढचं पाठ नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर आणि इतर. माणसं हजारोंनी जमलेली, रक्त तापलेलं. बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं आणि दावा लढवला. एक-दोन नाही, दहा वर्षं. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं, अनादी काळापासूनची वहिवाट म्हणता ती शाबीत होत नाही. सवर्णांचं अपील फेटाळलं. तळं ओंजळीत एका दिवसात आलं, कागदावर यायला दहा वर्षं लागली. पहिल्या लढाईची आपण जयंती करतो. दुसरी आपल्या गावीही नाही.

म्हणून आपला माणूस वकिलाकडं कधी जातो? सगळं आटोपल्यावर. शेत दुसऱ्याच्या नावावर चढलं, पोरगा आत गेला, तारीख येऊन गेली, एकतर्फी निकाल लागला, दारात बेलीफ उभा राहिला, की मग धावपळ. वकील म्हणतो, "आधी का नाही आलात?" खरं बोलतो, पण अर्धंच बोलतो. आधी येऊ नये म्हणून वाट अडवून कोण बसलंय, ते तो सांगत नाही. ते आपण सांगू.

वाट अडवणारा पहिला, तडजोडवाला. पोलीसपाटील असंल, सोसायटीचा चेअरमन असंल, नाहीतर आपल्याच आळीतला पांढऱ्या कपड्यातला कार्यकर्ता असंल. "गावात राहायचंय ना? मिटवून टाक." २००७ साली सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं दिली. बांधाचा तंटा बसून मिटला तर चांगलंच आहे. पण आपल्या बाईला जातीवरून शिवी देऊन चौकात मारलं, तो तंटा नव्हे, गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा पारावर बसून मिटवायचा अधिकार कुठल्याच समितीला नाही. मग तिथं आपल्या माणसाला बोलावतात कशाला? अंगठा घ्यायला!

द्रोणानं एकलव्याचा अंगठा एकदाच मागितला. इथं रोज मागतात. बाराशे रुपये उचल दिली, ह्या कोऱ्या कागदावर उठव. विसार पावती आहे, काही नाही त्यात, उठव. कुलमुखत्यारपत्र हे, तुझेच हेलपाटे वाचतील, उठव. आपली वतनाची जमीन अशीच गेली. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली, जमीन परत दिली ती नव्या अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असतं ते वाच. म्हंजे ही जमीन साध्या जमिनीसारखी विकता येत नाही, शर्त मोडली तर सरकारजमा होऊ शकते. घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो कुलमुखत्यारपत्र करून घेतो. देणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

गटारात उतरलेला आपला भाऊ गुदमरून मरतो. अजून तेरावा झालेला नसतो आणि ठेकेदाराचा माणूस पाकीट घेऊन येतो. सोबत कागद : 'आमची काही तक्रार नाही.' सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाख देण्याचा हुकूम केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. पाकिटात काय असतं ते तुला माहीत आहे. त्या विधवेनं सही करायच्या आधी वकील बघायचा, सहीनंतर नाही.

आता परक्यांवर बोट दाखवून भागत नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणारा भाऊ आपल्याच घरातला असतो. 'लुगडंचोळी करीन की तुला' म्हणतो आणि तिला रजिस्टर कचेरीत नेऊन बसवतो. २००५ पासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. विहारात समतेवर भाषण ठोकायचं आणि बहिणीचा सातबारा खायचा, ही कुठली समता? बाई गं, सोडायचा असंल तर समजून सोड. आधी वकिलाला वाचून दाखवायला लाव. तो वकील भावानं आणलेला नको.

दुसरी भीती, फी. "काळ्या कोटाला पैसं कुठनं आणू?" ही भीती खरी आहे. पण तिच्यावर एक उत्तर आहे आणि ते आपल्यापर्यंत कुणी पोचू दिलेलं नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, अंमलात आला १९९५ साली. त्याचं कलम १२ वाच. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कुठल्याही जातीच्या बाईला मिळतो, कोठडीतल्या माणसाला मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात प्राधिकरण असतं. फोन १५१००. ही भीक नव्हे. घटनेच्या कलम ३९अ मध्ये लिहिलेलं आहे, ते मागायला मान खाली घालायची गरज नाही.

पण म्हणून फुकटचा वकील देव नव्हे. कुणी मन लावून लढतो, कुणी रेशनच्या गव्हासारखं काम करतो. पैसे मागितले तर लेखी तक्रार कर, तारखेला आला नाही तर दुसरा वकील माग. कोऱ्या कागदावर सही त्यालाही देऊ नको. आणि आपले शिकलेले? जयंतीच्या बॅनरवर नावापुढं 'अ‍ॅडव्होकेट' मोठ्ठं लागतं. वस्तीत महिन्यातला एक रविवार बसायला सवड नाही. बाबासाहेबांचा कोट यांनी घेतला, काम तिथंच ठेवलं.

आता सरळ हिशोब. प्रत्येक गोष्टीला वकील लागत नाही. सातबारा काढायला, माहितीचा अर्ज टाकायला लागत नाही. फिर्याद द्यायलाही लागत नाही. ठाण्यात तोंडी सांग, लिहून घेणं त्यांचं काम. दखलपात्र गुन्हा असंल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ठणकावलंय. एनसी हातात देऊन वाटेला लावलं तर लेखी तक्रार पोस्टानं एसपीकडं पाठव. अ‍ॅट्रॉसिटीत "आधी चौकशी करू, मग बघू" हे २०१८ च्या दुरुस्तीनं बंद केलंय. आणि त्याच कायद्याचं कलम ४ म्हणतं, तुझी तोंडी फिर्याद तुला वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, प्रत ताबडतोब द्यायची. बिगर-अनुसूचित अधिकाऱ्यानं हे जाणूनबुजून टाळलं तर प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीवरून त्याच्यावरच गुन्हा लागतो, सहा महिने ते एक वर्ष कैद.

वकील लागतो तो इथं. ठाण्यानं फिर्याद घेतलीच नाही आणि मॅजिस्ट्रेटकडं जायचंय तेव्हा. माणूस अटकेत असंल तेव्हा, पहिल्याच दिवशी. चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं असतं, तिथंच वकील माग. कोर्टाचं समन्स आलं तेव्हा. दिवाणी दाव्यात कैफियत द्यायला तीस दिवस, फार तर नव्वद. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली तर पैसे भरायला पंधराच दिवस. उसने पैसे वसूल करायचे तर दाव्याला तीन वर्षं. मुदत तुझी वाट बघत नाही. आणि लोकअदालतीत सही करण्याआधीसुद्धा विचार. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. लवकर सुटतं ते खरं, पण काय सोडून सुटतं ते आधी कळलं पाहिजे.

म्हणून वस्तीनं एक नियम घालून घ्यावा. कागद कुणाच्याही घरी येवो, सावकाराचा, सरकारचा, ठेकेदाराचा, भावाचा, तो आधी चारचौघांत मोठ्यानं वाचायचा. कळला नाही तर सही नाही. 'उद्या या' म्हणायचं. ज्याचा कागद खरा आहे तो उद्याही येईल. ज्याला आजच्या आज अंगठा पाहिजे, त्याच्या कागदात आपलं काहीतरी जातंय एवढं धरून चालायचं. आणि तो उद्या उगवायच्या आत कोर्टाची पायरी चढायची, ताठ मानेनं, स्वतःच्या पायांनी. बेडी पडल्यावर तर चढावीच लागते.