खाचरांतील शेवाळ आणि नव्या नांवाची घाई

पावसाळ्यांत भाताच्या खाचरांतील पाण्यावर हिरवें शेवाळ धरतें. पाय घसरला म्हणजे आपण त्यास दोष देतों. आणि मुलानें त्यांतील मूठभर बाटलींत भरून घरीं आणलें, तर तें बाहेर फेकण्यास सांगतों. माझ्या मतें ती बाटली फेकूं नये. मात्र दुसऱ्याच दिवशीं तो मुलगा "मला नवी जात सांपडली" असें म्हणूं लागला, तर त्यास थांबण्यास अवश्य सांगावें.

थांबावयाचें कां? स्पायरोगायराचा तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला, कीं त्यांतील मळसूत्री हिरवी फीत पाहून वंश चटकन् ओळखतां येतो. जात ठरविण्यास मात्र तंतूंचा संयोग होऊन तयार झालेलें बीज पाहावें लागतें. ओडोगोनियमचेंही तसेंच, त्याचे जननावयव दिसल्यावांचून जातीचें नांव निश्चित होत नाहीं. म्हणून जाणता अभ्यासक त्याच खाचराकडे पुनःपुन्हां जातो, मापें घेतो, आकृति काढतो आणि पूर्वीं वर्णिलेल्या जातींशीं ताडून पाहतो. जुनें ज्यास ठाऊक, त्यासच नवें ओळखतां येतें. शेवाळाच्या नव्या जातीच्या वर्णनासोबत चित्र देणें १ जानेवारी १९५८ पासून नियमानेंच आवश्यक झालें. आज जनुकांचीही तपासणी होते. तरी बाटली, वही व चिकाटी यांची गरज संपलेली नाहीं.

हा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. १९३९ सालीं पी. के. डे यांनीं दाखवून दिलें कीं, भातखाचरांतील निळीं-हिरवीं शेवाळें हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात. शास्त्रज्ञ आज यांची गणना जीवाणूंत करतात. परंतु खाचरांतील सर्वच शेवाळें हें काम करीत नाहींत. कोणतें करतें व कोणतें नाहीं, हें नांवावांचून एकानें दुसऱ्यास सांगावें कसें? येथें नांव हें मिरविण्याचें भूषण नव्हे. ती शेतकऱ्याच्या उपयोगाची खूण आहे.

या कामाचा आदर्श आपल्या मुंबईंतच आहे. एला गोन्झाल्विस या विदुषींनीं डी. बी. जोशी यांच्यासह वांद्र्याच्या तळ्यांतील शेवाळें ऋतुमानाप्रमाणें कशीं पालटतात, हें १९४६ सालीं प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं एका सहकाऱ्यासह त्यांनीं भातखाचरांतील शेवाळांवर लिहिलें. ओडोगोनियमच्या गणावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९८१ सालीं. एका तळ्यापासून त्या ग्रंथापर्यंत पस्तीस वर्षें गेलीं!

आतां आमच्या देवनारकडे पाहा. हें नांव लोकांस ठाऊक आहे तें कचराभूमीमुळें आणि १९७१ सालच्या कत्तलखान्यामुळें. साष्टीच्या गांवांतून एके काळीं भात हेंच मुख्य पीक होतें. त्या जमिनींवर आज बहुतेक ठिकाणीं घरें व रस्ते आहेत. खाचर बुजलें म्हणजे त्यांतील शेवाळही जातें, आणि मग कितीही मोठा शास्त्रज्ञ आला तरी त्यास तें पुन्हां पाहतां येत नाहीं. मागें राहते ती कोणीं वेळींच केलेली नोंद.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्यांच्या आजोळीं रायगड, पालघर किंवा रत्नागिरीकडे अद्याप भातशेती आहे, त्या विद्यार्थ्यांनीं लावणीच्या दिवसांत एक वही करावी. गांव, तारीख, पाण्याची खोली, शेवाळाचा रंग व आकृति एवढें लिहावें. नांव ठाऊक नसल्यास ती जागा कोरी ठेवावी. याचे परीक्षेंत गुण नाहींत, हें खरें. पण स्वतः पडताळून पाहिल्यावांचून बोलूं नये, ही संवय त्या कोऱ्या जागेनें लागते. आणि ती पुस्तकांतून सहसा लागत नाहीं. नवी जात शेंकड्यांत एखाद्यासही सांपडणार नाहीं. खरी नोंद मात्र प्रत्येकास करतां येईल, आणि उद्यां कोणी नवी जात ओळखलीच, तर ती अशाच नोंदींच्या आधारें ओळखील.