शिवराईला भोक पाडू नका

सध्या जुन्या वस्तूंपासून दागिने बनवायची लाट आहे. घड्याळातली चाकं, फुटक्या बांगड्या, विरलेल्या साड्यांचे काठ... काय काय गळ्यात-कानात येतंय! मला हे मनापासून आवडतं. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या-कपबश्यांतून अख्खं रॉक गार्डन उभं केलं, त्याला तर तोडच नाही.

पण परवा एका प्रदर्शनात शिवराईचं पेंडंट बघितलं. घासून लखलखीत केलेलं आणि वर ड्रिलने भोक. तेही बरोबर ‘श्री’वर!

मंडळी, शिवराई म्हणजे महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढे पेशवाईतही ती पाडली जात होती, म्हणून प्रकार भरपूर. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. अक्षरांचं वळण, ठिपके, वजन यांवरून अभ्यासक प्रकार ओळखतात. अक्षरच उडालं तर ओळखायचं कशावरून?

कुणी म्हणेल, पणजीच्या गळ्यातही रुपयांची माळ होती. होती ना! पण ते रुपये तेव्हा चलनात होते, टांकसाळीतून ढिगाने येत होते. शिवराई आता कुठल्या टांकसाळीतून आणणार?

कारागीर मित्रांनो, साच्यातून नक्कल काढा, पहिली मी विकत घेतो. खरीच वापरायची असेल तर भोक न पाडता कोंदणात बसवा. आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासू नका, तो काळपट थर असू दे.