दहाचा बोल्ट

दिवाळी अंकात शब्दांच्या व्युत्पत्त्या नकोत, काही घरगुती लिहा, असे संपादकांनी यंदा बजावले आहे. वर्षभर या सदरात शब्दांची साले सोलीत बसणाऱ्या मराठीच्या मास्तराजवळ घरगुती असे काय असणार? एक मोटार आहे. तीही जुनी, दुसऱ्याच्या हातची, डिझेलवर चालणारी. गेला उन्हाळाभर आमच्या घरात तिच्याखेरीज दुसरा विषय नव्हता. तेव्हा तिचेच सांगतो.

मी बारामतीला असतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, इंदापूरला. एसटीच्या आगारात चौतीस वर्षे इंजिने खोलून ते निवृत्त झाले आणि आपले घर सोडून माझ्याकडे राहायला काही केल्या तयार नाहीत. दीड वर्षापूर्वी त्यांची मूत्रपिंडे थकली. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी पहाटे त्यांना बारामतीला डायलिसिससाठी आणायचे आणि दुपारी परत पोचवायचे, हा माझा नेम. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी ही वाटेवरची गावे मला हजेरीपटावरच्या नावांसारखी पाठ झाली आहेत.

मे महिन्यातल्या एका सोमवारी परतताना जंक्शनजवळ मोटार बंद पडली. आचका नाही, आवाज नाही. फुंकर घालून दिवा मालवावा तशी. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पेट घेईना. जंक्शन म्हणजे वालचंदनगरचा फाटा. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली, त्यांच्याच नावाच्या गावाच्या वेशीवर मोटारीने हाय खावी यात विनोद होता. पण तो मला पुढे महिन्याने सुचला. त्या वेळी मागच्या बाकावर अण्णा होते. चार तास यंत्राला जोडून उठलेला माणूस पिळलेल्या धोतरासारखा झालेला असतो. ऊन चाळिशीच्या वर. त्यांना धरून समोरच्या रसवंतीच्या सावलीत नेले, तर रसवाल्याने आपण होऊन पेला पुढे केला. अण्णांना पाणीसुद्धा मापाने. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने ओठ ओले केले आणि त्या पेल्याकडे पाठ करून बसले.

पाऊण तासाने मोटार सुरू झाली, जणू काही घडलेच नव्हते.

पुढच्या तीन आठवड्यांत हेच आणखी दोनदा झाले. एका मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यांनी बॅटरी आणि रिले बदलला. तिसऱ्यांनी नुसते कान लावून पंपाचे निदान केले आणि पंचेचाळीस हजारांचा आकडा सांगितला. यांतल्या एकालाही मी लबाड म्हणणार नाही. बोनेट उघडल्यावर जे हाताशी येते त्यावर संशय आधी जातो. चोरी झाली की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला पहिल्याने धरतात, तसेच हे.

अण्णांचे निदान निराळे. "डिझेलमध्ये हवा धरतीय." त्यांच्या काळातल्या बसला पंप होता, तो इंजिनाच्याच दात्यांवर फिरे, एकदा इंजिन चालू झाले की विजेवाचून चाले आणि बंद करायला दांडी ओढावी लागे. तिसऱ्या खेपेनंतर मात्र ते म्हणाले, "मी आता येत नाही. रस्त्यात पडण्यापेक्षा घरात बरा."

मी भाड्याच्या मोटारीची गोष्ट काढली. "आठवड्याला दोनदा? तू मास्तर आहेस, कारखानदार नव्हेस." खरे म्हणजे मोटारीचे निमित्त होते. सुया टोचून घ्यायला ते कंटाळले होते. हे सांगायला त्यांना लाज वाटत होती. मोटारीने त्यांना सभ्य कारण मिळवून दिले.

त्या गुरुवारी ते आले नाहीत. शनिवारी पाय सुजले. रविवारी रात्री धाप लागली, तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना बारामतीला आणले. ती रात्र कशी गेली ते दिवाळीच्या अंकात नको. पुढचे आठ दिवस ते आमच्याकडेच राहिले, आणि त्या आठ दिवसांत मला चौथे मिस्त्री भेटले.

एमआयडीसीच्या बाजूला त्यांचे पत्र्याचे गॅरेज. त्यांनी बोनेट उघडलेच नाही, आधी विचारले, "सर, बंद पडती तेव्हा गाडी गरमच असती ना? आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?" काट्याकडे मी पाहिलेच नव्हते. विद्यार्थ्यांना कंसातले रंगसूचनेचे वाक्यही वाचायला लावणारा मी! त्यांनी स्कॅनर लावला. इतक्या दिवसांत तो कोणी लावलाच नव्हता. पी ०३३५ असा आकडा उमटला. "क्रँक सेन्सर."

परिभाषेत याला संवेदक म्हणतात, असे मी सांगितले. "म्हणा की," ते म्हणाले, "पण दुकानात सेन्सरच मागा, नायतर मिळायचा नाय."

हे प्रकरण असे आहे. १८९७ साली रुडॉल्फ डीझेलचे इंजिन यशस्वी ठरले, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ साली, कॉमन रेल नावाची रचना प्रवासी मोटारीत आली. तीत हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पट दाबाखाली डिझेल एका नळीत तयार असते आणि ते केव्हा सोडायचे हे दाते नव्हे, संगणक ठरवितो. दट्ट्या या क्षणी कोठे आहे हे त्याला कळावे लागते. पुष्कळ इंजिनांत क्रँकबरोबर साठ दात्यांच्या मापाचे चाक फिरते. त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. शेजारी बोटाएवढा सेन्सर. त्यात लोहचुंबक आणि केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. दाता जवळून गेला की वेटोळ्यात विजेची लहर उठते, आणि दोन दात्यांची जागा मोकळी गेली की फेरी कोठून मोजायची ते कळते. मिनिटाला २००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १९०० च्या वर लहरी. त्या थांबल्या की संगणक डिझेल तोडतो.

किंमत अठराशे रुपये. पण आमच्या मोटारीत तो इंजिनाच्या पाठीमागे, गिअरबॉक्सच्या कडेला, सेल्फच्या वर बसविलेला. वरून पाहावे तर हवेच्या नळ्या आड, खालून पाहावे तर सेल्फ आड. इंजिन गार होऊ दिले, बॅटरीची ऋण तार सोडविली, फिल्टरचा डबा आणि नळी काढली, खालचा पत्रा उतरविला, सेल्फ सैल केला. एवढ्या खटाटोपानंतर हाती काय यायचे? दहाचा एक बोल्ट. मिस्त्रींचा पंजा तिथे शिरेना. आयटीआय करून आलेला एक सडपातळ पोरगा होता, त्याने मनगटापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून, नुसत्या बोटांनी गोटी बसविली. बोल्ट निघाला. सेन्सर मात्र गंजाने चिकटून बसला. पोराने स्क्रू ड्रायव्हर मागितला.

"थांब," खुर्चीवर बसलेले अण्णा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा तो पहिला शब्द. "टोक तुटून आत पडलं तर गिअरबॉक्स उतरवावी लागंल. तेल सोड, दहा मिनिटं बस. मग बाटलीच्या बुचासारखा डावा-उजवा फिरव. ओढू नको."

वीस मिनिटांनी सेन्सर बाहेर आला. टोकाला लोखंडाच्या किसाची दाढी. मीटरवर त्याचा रोध नऊशे ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. अण्णांच्या चेहऱ्यावर विजय दिसला. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "सर, घरी केस वाळवायचं यंत्र आहे का?"

सौभाग्यवतींचे ते यंत्र मी आणले. (याचा खुलासा संध्याकाळी द्यावा लागला.) मिस्त्रींनी गरम वारा सोडला. मीटर अण्णांच्या मांडीवर. आकडा हळूहळू चढत गेला आणि एकाएकी नाहीसा झाला. आतली तार कोठे तरी तुटली होती; गार असता टोके एकमेकांना टेकत, तापली की सुटत. वारा थांबविला. काही वेळाने आकडा परत आला. अण्णांनी यंत्र मागून घेतले आणि थरथरत्या हाताने स्वतः पुन्हा तापवून पाहिले.

"हवा नव्हती धरली," ते म्हणाले.

नव्याच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावून तो बसविला, तार धुराड्यापासून दूर बांधली, स्कॅनरमधला आकडा पुसला. मजुरी बाराशे झाली. पोराला वेगळे पैसे देऊ केले, तर त्याने मिस्त्रींकडे पाहिले आणि मगच घेतले.

पुढच्या सोमवारी डायलिसिस उरकून अण्णांना इंदापूरला निघालो. दुपारचे दोन. तेच ऊन. भवानीनगर गेले, लासुर्णे गेले. दोघेही बोललो नाही. जंक्शन आल्यावर अण्णा म्हणाले, "रसवंतीपाशी उभी कर. इंजिन बंद करू नको."

उभी केली. त्यांनी काच खाली घेतली आणि मान कलती करून ऐकत राहिले, पाच मिनिटे, दहा मिनिटे. रसवाल्याने ओळखून हात केला.

"चल," अण्णा काच वर घेत म्हणाले. "आणि गुरुवारी जरा लवकर ये. मागच्या टायमाला शेवटचं मशीन मिळालं, त्याचा पंखा आवाज करतोय."