गाडी विकणे आहे, फाईलसकट

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. आमचा एक सीनियर सध्या इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. एका रात्री त्याने ग्रुपवर पाच-सहा फोटो टाकले. त्याच्या शेजारचे आजोबा आपली गाडी विकायला काढत होते. १९६७ची एमजीबी रोडस्टर, दोन सीटची, कापडी हूडची, गडद हिरवी, काल शोरूममधून आणल्यासारखी. किंमत आपल्या रुपयांत दहा लाखांच्या पुढे.

झालं! रूममध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. आमचा रूममेट म्हणाला, "एवढ्यात नवी कोरी गाडी येते राव, एसीसकट! हे म्हातारं डबडं कोण घेणार?"

आकडे पाहिले तर त्याचं चुकत नव्हतं. इंजिन १७९८ सीसीचं, दोन एसयू कार्ब्युरेटरवालं. टॉप स्पीड ताशी शंभर मैलांच्या थोडा वर. ० ते ६० मैल वेग घ्यायला बारा सेकंदांच्या आसपास. आजची साधी हॅचबॅक तिच्या बरोबरीने पळेल. बरं, दुर्मीळ म्हणावी तर तेही नाही. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. (हल्ली आपल्या रस्त्यांवर एमजीचा बिल्ला लावलेल्या गाड्या दिसतात, त्यांचं हिच्याशी नातं बहुतेक नावापुरतंच.)

मग पैसे कशाचे? माझ्या मते उत्तर शेवटच्या फोटोत होतं. त्यात गाडी नव्हतीच. टेबलावर ठेवलेली एक जाडजूड फाईल होती. सर्व्हिसची बिलं, बदललेल्या पार्टच्या पावत्या, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो आणि एमओटी या वार्षिक तपासणीचे दाखले. चाळीस वर्षांवरच्या, मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी तिकडे २०१८पासून सक्तीची नाही. तरी आजोबांनी ती सोडली नव्हती. माझं स्पष्ट मत आहे की गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या फाईलचे. चकाकी काय, कुठलाही पेंटर मारून देतो.

मेकॅनिकलच्या मुलांना हे लगेच पटेल. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या, म्हणजे सिल, सगळा भार झेलतात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते नेमकं तिथे जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. वरून पुट्टी भरून रंग दिला की बाहेरून काही कळत नाही. म्हणून जाणकार गाडी जॅकवर उचलतात आणि दाराची फट बघतात. फट कमी झाली तर सिल गेलं समजायचं. पण सिल कधी बदललं, कसं बदललं हे फोटोसकट फाईलमध्ये असेल तर बोलायलाच नको.

दुसरा गैरसमज असा की कमी पळालेली गाडी म्हणजे जपलेली गाडी. अजिबात नाही! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, रबरी सील कडक होतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन बसतं. कव्हर घालून वीस वर्षं उभी केलेली गाडी चालू गाडीपेक्षा जास्त खराब निघू शकते. जपणं म्हणजे वापरणं, बिघडलं की दुरुस्त करणं आणि काय केलं ते लिहून ठेवणं.

हे एकट्या आजोबांचं कर्तृत्व नाही. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला. पण तिथले जुने डाय सगळेच भंगारात गेले नाहीत. १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने त्याच टूलिंगवर एमजीबीच्या नव्या बॉडी बनवायला सुरुवात केली. कारखाना गेला, माहिती राहिली.

आता तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचं कौतुक आपल्याला कशाला? तर ऐका. एमजीबीचं इंजिन बीएमसीच्या 'बी सीरिज' घराण्यातलं. याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन १९५५च्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये होतं. आणि आपल्या अँबॅसडरमध्येही!

माझ्या बाबांची पेट्रोल अँबॅसडर होती, भाड्याने चालायची. तिच्यावर आमचं घर चाललं. आमचे मिस्त्री नुसत्या आवाजावरून टॅपेट सेट करायचे. कुठला पार्ट कधी बदलला, कुठे जुगाड केलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. मिस्त्री वारले आणि गाडी पोरकी झाली. पुढच्या तीन गॅरेजवाल्यांनी ती तीन प्रकारे खोलली. शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली. बाबांनी नंबरप्लेट तेवढी काढून घेतली. ती अजून माळ्यावर आहे.

एका घराण्यातली दोन इंजिनं. एक फाईलसकट दहा लाखांच्या पुढे गेलं, दुसरं किलोच्या भावाने. मान्य आहे, आजोबांची हौस होती आणि बाबांचं पोट होतं. पण चाळीस रुपयांची वही बाबांनाही परवडली असती. ती ठेवायची असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

जुन्या गाड्या रोज रस्त्यावर आणून धूर काढा असं मी म्हणत नाही. आपल्याकडेही २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण रोजच्या वापराला परवानगी नाही. ते योग्यच आहे. माझा मुद्दा वहीचा आहे.

आपल्या वर्कशॉपमधल्या कोपऱ्यातल्या लेथचा गिअर कधी बदलला, कुणी सांगेल? मागच्या बॅचच्या गो-कार्टचं वायरिंग समजून घ्यायला आमचे तीन आठवडे गेले. रिपोर्ट होता की! स्पायरल बाइंडिंगचा, सोनेरी अक्षरांचा. त्यात प्रस्तावना होती, आभार होते, फक्त वायरिंग नव्हतं. सरांना विनंती आहे, प्रत्येक मशीनला एक वही बांधा. आणि मित्रहो, प्रोजेक्ट सोडून जाताना काय मोडलं आणि कसं जोडलं ते दोन पानं लिहा. मार्क मिळणार नाहीत, तरी लिहा.

ती एमजीबी विकली गेली. सीनियरने कळवलं, गिऱ्हाइकाने गाडी दहा मिनिटं चालवून पाहिली. नंतर आजोबा आणि तो दोन तास फाईल घेऊन बसले होते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी