रस्ता वर, उंबरा खाली

पावसाळा लागला की आमच्या पिशवीत ओआरएसची पाकिटे, क्लोरीनच्या गोळ्या आणि चिखल्यांचे मलम असते. शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर आम्ही वर्षानुवर्षे हेच वाटत आलो. आता वाटते, औषधाआधी गवंड्याची लेव्हलची नळी हातात घ्यायला हवी होती.

भीमेकाठच्या एका वस्तीत एका मावशींच्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे. आता रस्त्यावरून एक पायरी उतरून जावे लागते. घर खचलेले नाही. रस्ता तीनदा झाला आणि तिन्ही वेळा जुना न खोदता वरच काँक्रीट ओतले, दर वेळी चार-सहा इंच. पैसा आमच्याच नावाचा, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा. फलक लागला, फोटो निघाला आणि पाणी मावशींच्या चुलीपर्यंत आले. शेजारचे गटार तर शेवटच्या घराच्या भिंतीपाशीच संपते. पुढे पाण्याने कुठे जायचे, हे कोणी ठरवलेच नाही.

उतार कुठे आहे हे गावाला आधीपासून ठाऊक होते. वस्ती तिथेच बसवली.

या साचलेल्या पाण्याने काय होते ते आम्ही रोज पाहतो. नळ दिवसाआड येतो. पाणी बंद झाले की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येते. मग जुलाब, कावीळ, विषमज्वर. डेंग्यूचा डास मात्र गटारातला नव्हे, तो घरातल्या उघड्या पिंपातला. तो दोष पंचायतीवर ढकलू नये.

नियम नाहीत असे नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत जोत्याची उंची भोवतालच्या जमिनीपासून किमान 30 सेंटिमीटर सांगितली आहे. ज्या जागेचा निचरा होत नाही ती बांधकामाला योग्य नाही, असेही त्यात आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने रस्त्यावरचे आणि गटारावरचे अडथळे काढण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. पण जोते मोजतात घर बांधताना. नंतर रस्ताच उंच केला तर त्या 30 सेंटिमीटरचे काय? आमच्या मते खरी मेख इथेच आहे.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींभोवती गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडले. तिथे वरचा मालक हायवाने मुरूम टाकून आपला प्लॉट उचलतो आणि खालच्याला म्हणतो, पाणी उताराने येणारच. 1882 चा सुविधाधिकार कायदा खालच्याने वरचे पाणी घ्यावे असे म्हणतो खरा, पण नैसर्गिकपणे वाहणारे. भराव घालून वळवलेले पाणी नैसर्गिक कसे?

आपल्याही घरचे सांगायला हवे. गटारावर ओटा आम्हीही बांधतो. एका ठिकाणी विहाराच्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवले, सुंदर झाले, आणि पाणी मागच्या चार घरांत शिरू लागले. वर्गणी त्या चार घरांनीही दिली होती. शोषखड्ड्याचेही तसेच. नांदेडच्या टेंभुर्णीने शोषखड्डे घेऊन डास हटवले म्हणून सगळीकडे तेच सांगतात. शिरूरच्या मुरमाड जागेत खड्डा पाणी पितो. दौंडकडच्या काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, तिथे उतार दिलेले गटारच हवे. खड्डा घ्यायचाच तर विहीर आणि बोअरपासून लांब.

आमची मागणी साधी आहे. नवा रस्ता करण्याआधी जुना खोदून काढावा. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांची उंची वस्तीसमोर मोजून अंदाजपत्रकाला जोडावी. गटाराचे पाणी शेवटी कुठे सोडणार ते त्यात लिहिलेले असावे. नसेल तर बिल निघू नये. तोंडी आश्वासन नको, ग्रामसभेचा ठराव हवा.

मोजमापाला माणसे येतात तेव्हा पुरुष कामावर असतात, म्हणून तिथे बायकांनीच उभे राहावे. पाणी कोणत्या दगडापर्यंत चढले होते ते त्यांनाच माहीत असते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा आम्ही लिहून ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी रविवारी वंदनेनंतर मागून घ्यावा.