कर्तेपणाचा पूर्वाभ्यास

पदवीचे अखेरचे वर्ष केवळ अध्ययनासाठी राखून ठेवावे, घरच्या व्यवहाराची झळ मुलांना लागू देऊ नये, आणि पुढे संसार अंगावर पडला म्हणजे सारे आपोआप समजते, असे मत अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतून इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, त्याची परीक्षा करणे हेच औद्धत्य ठरावे. ते औद्धत्य पत्करणे मला भाग वाटते.

आपोआप समजते, हे खरे, पण केव्हा? जामीनदाराचे दायित्व, करारात अन्यथा ठरले नसल्यास, मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते, हे १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम मित्राला जामीन राहिलेल्या तरुणास नोटीस हाती पडल्यावर समजते. आणि वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी, हा १९६६ च्या जमीन महसूल संहितेचा दंडक वडिलांच्या पश्चात फेरफार अडून पीककर्ज रखडले म्हणजे समजतो. ठेच लागून शहाणपण येते म्हणून कोणी मुलांच्या वाटेत दगड पेरीत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक आदरणीय आहे. स्पर्धा परीक्षा हीच खरी तयारी, बाकीचे अधिकारी झाल्यावर पाहू, असे तो म्हणतो. अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांच्या तपश्चर्येची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्या मुलखात कापसाच्या चुकाऱ्यावर घराचे वर्ष तोलले जाते, तेथे नियमित वेतनाची ओढ हा मोह नसून पिढ्यांच्या अनुभवातून आलेला विवेक आहे. माझा आक्षेप आहे तो स्थगितीला. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे. तोवर उमेदवाराने स्वगृही पाहुण्यासारखे वावरावे काय? महसूल खात्याची उतरंड तलाठ्यापासून आयुक्तांपर्यंत मुखोद्गत, आणि बापाच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा किती याची मात्र गंधवार्ता नाही, ही विद्वत्ता अजब म्हटली पाहिजे.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले ते मुष्टिफंडाच्या, म्हणजे घरोघरच्या मूठमूठ धान्याच्या आधाराने. पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आपण कोणाच्या घासावर शिकतो, हे विसरण्याची सोय त्या मुष्टिफंडात नव्हती. आज अकोल्यात खोली करून राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर पैसे येऊन पडतात. ते तुरीचे, सोयाबीनचे की सावकाराचे, हे त्याला कळत नाही, आणि कळू नये अशी तजवीज आईबाप मोठ्या मायेने करतात. ही माया त्याला अज्ञान ठेवते, आणि अज्ञानाला कायद्यात सवलत नाही.

अखेरच्या वर्षी त्याला एकदा बाजार समितीत न्यावे, मोजमाप, तोलाई, हमाली आणि हाती आलेला चुकारा यांचा जमाखर्च त्याच्याच हस्ताक्षरात मांडून घ्यावा. खरिपाच्या कर्जाचा कागद त्याने वाचल्यावाचून वडिलांनी सही करू नये. यात दिवस किती जाणार? विद्यार्थी एवढ्याने नापास होत असेल, तर त्याचे कारण अन्यत्र शोधावे.

आणि हे सारे मुलालाच, असे समजणाऱ्या पालकांशी माझे भांडण अधिक कडवे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही पदवीधर लेकीच्या हाती घरचा पहिला कायदेशीर कागद येतो तो बहुधा हक्कसोडपत्राचा, आणि तोही 'येथे सही कर बाई' एवढ्याच स्पष्टीकरणासह. तिने हक्क सोडावा की राखावा, हा तिचा निर्णय. परंतु जी मुलगी विद्यापीठाची उत्तरपत्रिका लिहू शकते, तिच्यापुढे न वाचलेला दस्त ठेवणाऱ्या भावाने आणि बापाने आधी तो तिला पूर्ण वाचू द्यावा, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे.